गाळणीची राखण : जलशुद्धीकरणाच्या पटलावर सूक्ष्मजीवांचा थर साचू नये म्हणून

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरबंद यांच्या बरोबरीने आठवी वस्तू येते ती पाणी गाळण्याचे वस्त्र. पालीत त्याला ‘परिस्सावन’ असे नाव आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात या गाळण्याविषयी एक कथा सांगितली आहे. कोसल देशात दोन भिक्खू एकत्र प्रवास करीत होते. एकाने दुसऱ्याला अनुचित वर्तनाबद्दल समज दिली आणि त्याचा राग दुसऱ्याने मनात धरला. पुढे पहिल्याला तहान लागली. त्याने गाळणे मागितले, पण दुसऱ्याने ते दिले नाही. तहानेने व्याकूळ होऊन पहिल्याचा अंत झाला. त्यानंतर नियम घालून देण्यात आला की, प्रवासात गाळणे मागणाऱ्या भिक्खूला नकार देऊ नये, गाळण्यावाचून प्रवासास निघू नये, आणि गाळणे नसलेच तर संघाटीचे टोक त्या कामी योजावे. या नियमामागे पाण्यातील जीवांना इजा होऊ नये हा हेतू होता. पिणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार त्यात मुख्य नव्हता. तरीही गाळणे ही एकट्याची मालमत्ता नसून सर्वांच्या जीविताशी जोडलेली जबाबदारी आहे, हा त्यातील आशय आजच्या निवासी शाळेलाही तंतोतंत लागू पडतो.

वस्त्राच्या जागी आज पटल आले आहे. बाजारात त्याला सर्वजण ‘मेम्ब्रेन’ म्हणतात. गावोगावच्या पाणीकेंद्रांत, वसतिगृहांत, रुग्णालयांत आणि घराघरांतील आरओ यंत्रांत हेच पटल काम करते. ते बसविण्यासाठी देणगीदार पुढे येतात, उद्घाटन होते, भिंतीवर फलक लागतो. पुढे काही महिन्यांनी पाण्याची धार बारीक होते, चवीत फरक पडतो, आणि एके दिवशी यंत्र बंद पडते. बहुतेक वेळा दोष कंपनीवर किंवा पाण्यातील क्षारांवर ढकलला जातो. क्षारांचा वाटा असतोच. परंतु अनेकदा खरे कारण असते पटलावर वाढलेला सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर. तो कसा बसतो, तो बसू नये म्हणून काय करावे, आणि शेकडो मुले जेथे एकाच टाकीचे पाणी पितात तेथे याची काळजी कशी वाहावी, हे समजावून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

पटल म्हणजे काय?

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन या दोन संशोधकांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल तयार केले की, ज्यातून दाबाखाली पाणी पुरेशा वेगाने पलीकडे जाते आणि क्षार अलीकडेच राहतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडोट यांनी पॉलिअमाइडचे संमिश्र पटल विकसित केले. आज आपल्या यंत्रांत असते ते बहुधा याच जातीचे. आपल्या राज्यात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या संस्थांनी पटलांवर संशोधन केले आहे.

या गाळणीचे माप डोळ्यांसमोर यावे म्हणून काही आकडे पाहू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सामान्य जीवाणू सुमारे एक मायक्रॉन लांबीचा. अतिगाळण पटलाची, म्हणजे ज्याला यूएफ म्हणतात त्याची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. आरओचे पटल त्याहूनही घट्ट असते. त्याचा क्षार अडविणारा वरचा थर तर मायक्रॉनच्या एक-दोन दशांशांइतकाच जाड असतो. लहान पाणीकेंद्रात जे चार इंच व्यासाचे आणि चाळीस इंच लांबीचे नळकांडे दिसते, त्यात सुमारे ८ चौरस मीटर पटल गुंडाळून बसविलेले असते. पटलाच्या दोन घड्यांमध्ये प्लॅस्टिकची बारीक जाळी असते आणि पाण्याला वाहण्यासाठी एक मिलिमीटरपेक्षाही कमी जागा उरते.

जीवाणू या गाळणीतून जाऊ शकत नाही, हे तर चांगलेच झाले. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, अडविलेला जीवाणू जिवंत असतो. अडविलेली माती जेवढी आली तेवढीच राहते. अडविलेला क्षारही पाण्याच्या प्रमाणात साचतो. जीवाणू मात्र अन्न मिळताच वाढू लागतो. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जीवाणूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. पटलावर अन्न इतके मुबलक नसते, म्हणून प्रत्यक्षातली वाढ मंद असते. तथापि हिशेबाची दिशा तीच राहते.

थर कसा बसतो?

रांजण चार दिवस घासला नाही तर आतून हात फिरविल्यावर बुळबुळीत लागतो. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जाणवणारा चिकटपणा त्याच जातीचा. हॉलंडमधील आन्तोनी व्हान लेव्हेनहूक यांनी आपल्याच दातांवरील थर भिंगाखाली पाहून त्यातील हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. सूक्ष्मजीव पाण्यात सुटे तरंगण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वस्ती करणे अधिक पसंत करतात, हे मात्र विज्ञानाच्या नीट ध्यानात यायला फार काळ लागला. कॅनडातील विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. या वस्तीला आपण ‘जैवथर’ म्हणू.

जैवथर पायऱ्यापायऱ्यांनी तयार होतो. कोऱ्या पटलावर पाणी येताच काही मिनिटांत पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचा अतिशय पातळ लेप बसतो. त्या लेपावर काही जीवाणू टेकतात. आरंभी त्यांची पकड सैल असते. पाण्याच्या जोरदार प्रवाहाने ते निघू शकतात. थोड्याच वेळात ते आपल्याभोवती चिकट द्रव सोडतात. हा द्रव मुख्यतः शर्करेच्या लांब साखळ्यांचा आणि प्रथिनांचा असतो. एकदा तो तयार झाला की जीवाणू पृष्ठभागाशी आणि एकमेकांशी जखडले जातात. पुढे वाहत्या पाण्यातील अन्न त्यांना जागेवर मिळत राहते, संख्या वाढते, थर जाड होतो आणि त्यातून सुटलेले जीव पुढच्या जागी जाऊन नवी वस्ती करतात.

या वस्तीचा आरंभ पुष्कळदा पटलावर नसून दोन घड्यांमधील जाळीवर होतो. जाळीचे धागे जेथे एकमेकांना छेदतात तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि त्या आडोशाला जीव टिकतात. त्यामुळे पाण्याची वाट अरुंद होते आणि तेवढेच पाणी ढकलण्यासाठी पंपाला अधिक दाब द्यावा लागतो. शिवाय थरामुळे पटलालगतचे खारट पाणी धुऊन जात नाही, म्हणून गाळलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाणही वाढते. वीजबिल वाढले, धार बारीक झाली आणि टीडीएस चढला, या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच कारण असू शकते.

उजनीचे पाणी आणि बोअरचे पाणी

आपल्या भागात हा प्रश्न अधिक तीव्र का होतो, हे पाण्याच्या उगमाकडे पाहिल्यावर कळते. भीमेवरील उजनी धरण माढा तालुक्यात आहे. सोलापूर जिल्ह्याची शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणात या जलाशयावर अवलंबून आहे. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात ६३ टीएमसींहून अधिक मृतसाठा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांवाटे भीमेत आणि तेथून उजनीत येते. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर शैवाल पोसते. उन्हाळ्यात साठा खाली गेला की पाण्याला हिरवी छटा येते, हे जलाशयाकाठच्या लोकांना परिचयाचे आहे. शैवाल मरून कुजल्यावर त्यातील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पाणी काचेसारखे दिसते, परंतु विरघळलेले हे अन्न बऱ्याच प्रमाणात पाण्यातच राहते आणि थेट पटलापर्यंत पोहोचते.

हा प्रकार समुद्रकाठच्या मोठ्या प्रकल्पांनाही चुकलेला नाही. २००८-०९ मध्ये ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवालाची प्रचंड वाढ होऊन समुद्र लालसर झाला, आणि तेथील समुद्राचे पाणी गोड करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. यंत्रे आधुनिक होती, पैशाची वाण नव्हती. तरीही पाण्यात अन्न आणि जीव एकाच वेळी वाढले तेव्हा गाळणीला माघार घ्यावी लागली.

बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. भांड्यावर पांढरे पुट चढते, साबणाला फेस येत नाही. ते पुट पटलावर चढू नये म्हणून यंत्रात अँटिस्केलंट नावाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. येथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. यांपैकी काही द्रावणांत फॉस्फरसयुक्त द्रव्ये असतात आणि फॉस्फरस हे सूक्ष्मजीवांचे आवश्यक अन्न आहे. द्रावणाची मात्रा ‘थोडी जास्तच बरी’ अशा समजुतीने वाढविली, तर क्षार रोखताना जैवथराला आपणच खाऊ घालतो. म्हणून मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी आणि डोसिंग पंपावरील खूण विनाकारण हलवू नये.

याच ठिकाणी एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे : आपल्या पाण्याला आरओ लागतो का? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. टीडीएस ५०० हून कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंधन आणावे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले. अशा पाण्याला क्षार काढण्याची गरज नसून जंतूंपासून संरक्षणाची गरज असते आणि ते यूएफ पटल, उकळणे किंवा योग्य प्रमाणातील क्लोरीन यांनी साधते. नको असलेले पटल न बसविणे हा जैवथर टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

क्लोरीनचा पेच

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्यात टीसीएल टाकतात आणि ओ.टी. चाचणीत पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री करतात. नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा, असे मानक सांगते. मग हाच क्लोरीन पटलाचेही रक्षण का करीत नाही? कारण पॉलिअमाइडच्या पटलाला क्लोरीन सोसत नाही. त्याची रचना हळूहळू तुटते आणि एकदा तुटलेले पटल दुरुस्त होत नाही. म्हणून पटलापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात क्लोरीन प्रतिलिटर ०.१ मिलिग्रॅमहून कमी असावा लागतो.

हे साधण्यासाठी पटलाच्या आधी कार्बन फिल्टर बसवितात. कार्बन क्लोरीन काढून घेतो, त्याचबरोबर पाण्यातील सेंद्रिय द्रव्येही आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. क्लोरीनचा पहारा उठलेला, अन्न साठलेले आणि बसायला असंख्य खाचा : सूक्ष्मजीवांना याहून सोयीची जागा दुसरी नाही. वर्षानुवर्षे न बदललेला कार्बन फिल्टर म्हणजे पटलाच्या उंबरठ्यावर चालविलेली जीवाणूंची रोपवाटिकाच. बॅकवॉश नियमाने करणे, कार्बन ठरल्या मुदतीत बदलणे आणि त्यापुढचा पांढरा स्पन फिल्टर तपकिरी व बुळबुळीत होण्याची वाट न पाहणे, या तीन गोष्टींनी पटलावरचा भार पुष्कळ हलका होतो.

केवळ मारून हा प्रश्न सुटत नाही, याचा हिशेब विद्यार्थ्यांनाही करता येईल. औषधाने ९९.९ टक्के जीवाणू मेले असे धरू. दहा लाखांतील एक हजार उरले. एक हजाराचे पुन्हा दहा लाख होण्यास दहा वेळा दुप्पट होणे पुरेसे आहे. दुप्पट होण्यास दोन तास लागतात असे मानले, तरी वीस तासांत पूर्वस्थिती येते. शिवाय मेलेल्या जीवाणूंचा थर पटलावरच राहतो आणि उरलेल्यांचे अन्न होतो. जर्मन शास्त्रज्ञ हान्स-कुर्ट फ्लेमिंग यांनी आपल्या संशोधनातून याच मुद्द्यावर भर दिला आहे : जीव मारणे आणि पृष्ठभाग स्वच्छ करणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

थराला त्याची योग्य जागा

जैवथर सर्वत्र वाईटच असतो, असे मात्र नाही. जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी येथील पाणीपुरवठ्यासाठी मंदगती वाळूची गाळणी बांधली. वाळूच्या वरच्या भागावर काही दिवसांत सूक्ष्मजीवांचा थर बसतो आणि तोच थर पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये व रोगजंतू खाऊन, अडवून पाणी शुद्ध करतो. १८९२ मध्ये जर्मनीतील हँबुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली. लगतचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी पीत होते. पण ते वाळूतून गाळून घेत होते आणि त्यामुळे ते बहुतांशी बचावले. रॉबर्ट कॉख यांनी या उदाहरणाचा अभ्यास करून वाळूच्या गाळणीचे महत्त्व जगापुढे मांडले.

यातून आपल्याला एक उपाय सापडतो. सूक्ष्मजीवांना अन्न खाऊ द्यायचेच असेल, तर ते पटलाच्या आधी, वाळूत खाऊ द्यावे. वाळू धुता येते, वरचा थर खरवडता येतो, ती स्वस्त असते. वाळूत ज्या पाण्यातील अन्न संपले, त्या पाण्यावर पुढे पटलावर थर सावकाश बसतो. ज्या संस्थेकडे मोकळी जागा आहे तिने आरओपूर्वी वाळूच्या चांगल्या गाळणीवर खर्च करणे हे अधिक महागडे पटल विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते.

दुसरा उपाय प्रवाहाचा. आरओमध्ये काही पाणी पटलातून पलीकडे जाते आणि उरलेले पटलावरून वाहत ‘रिजेक्ट’ म्हणून बाहेर पडते. आपल्या अवर्षणग्रस्त भागात ते वाया जाताना पाहून जीव हळहळतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा व्हॉल्व्ह आवळला जातो. त्यामुळे पटलावरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग घटतो, क्षार आणि अन्न अधिक दाट होतात आणि थर लवकर बसतो. पाण्याची बचत व्हॉल्व्ह आवळून करू नये. तेच पाणी वेगळ्या टाकीत धरून शौचालयासाठी आणि फरशी धुण्यासाठी वापरावे.

नोंदवही

कुर्डुवाडीला रेल्वेचा इतिहास सांगण्याची गरज नाही. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे येथून सुरू झाली तेव्हापासून वाफेच्या इंजिनांची देखभाल या गावाने जवळून पाहिली. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये क्षार आणि गाळ साचत असे आणि तो ठराविक मुदतीने धुऊन काढावा लागे. इंजिन बंद पडण्याची वाट कोणी पाहत नसे. पटलाची देखभाल याच शिस्तीची आहे.

त्यासाठी महाग उपकरणे लागत नाहीत. दोन प्रेशर गेज, एक रोटामीटर, एक टीडीएस मीटर आणि एक वही पुरते. दररोज ठराविक वेळी पटलात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब, गाळलेल्या पाण्याचा मिनिटाला येणारा प्रवाह, त्याचा टीडीएस आणि पाण्याचे तापमान एवढ्या नोंदी कराव्यात. तापमान अशासाठी की, थंडीत पाणी घट्टसर झाल्याने प्रवाह आपोआपच कमी होतो. तो दोष पटलाचा समजू नये. यंत्र नवे असतानाचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावेत. त्यांच्या तुलनेत प्रवाह १० टक्क्यांनी घटला किंवा दोन गेजमधील फरक १५ टक्क्यांनी वाढला की धुण्याची वेळ आली असे समजावे. त्या टप्प्यावर थर कोवळा असतो आणि निघतो. प्रवाह निम्म्यावर येईपर्यंत थांबले तर तोच थर पुन्हा पूर्णपणे निघत नाही.

ही वही आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, असे सुचवावेसे वाटते. सरासरी, शेकडेवारी आणि आलेख यांचा याहून चांगला पाठ मिळणार नाही, आणि आपण पितो त्या पाण्याची राखण आपण करतो ही जाणीव त्यातून येईल. रसायनांना मात्र विद्यार्थ्यांचा हात लागता कामा नये.

सुट्टीचे दिवस

निवासी शाळेतील पटल सर्वाधिक बिघडते ते वापरात असताना नव्हे, सुट्टीत. दिवाळीत दोन-तीन आठवडे आणि उन्हाळ्यात महिनाभराहून अधिक काळ वसतिगृह रिकामे असते. यंत्राचे बटण बंद केले जाते; नळकांड्यात पाणी तसेच राहते. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. ओले, उबदार, अंधारे आणि निश्चल : जैवथराला जे जे हवे ते सारे तेथे असते. जूनमध्ये मुले परततात आणि पहिल्याच दिवशी त्या यंत्राचे पाणी पितात.

यावर उपाय सोपा आहे. एक-दोन दिवसांच्या सुट्टीत यंत्र बंद करताना गाळलेल्या पाण्याने फ्लशिंग करावे. आठवड्याची सुट्टी असेल आणि कोणी वस्तीला असेल, तर दररोज थोडा वेळ यंत्र चालवून पाणी फिरते ठेवावे. त्याहून दीर्घ सुट्टीत जाणत्या तंत्रज्ञाकडून पटल आधी धुऊन, मग त्यात खाद्यप्रतीच्या सोडियम मेटाबायसल्फाइटचे एक टक्का द्रावण भरून ठेवावे. हे द्रावण दर महिन्याला तपासावे. त्याचा सामू ३ च्या खाली गेला असेल तर बदलावे. यंत्रावर ऊन येऊ देऊ नये आणि ‘औषध भरले आहे, पाणी पिऊ नये’ अशी पाटी लावावी. शाळा सुरू होण्यापूर्वी द्रावण पूर्ण धुऊन काढावे, किमान पहिल्या तासाचे गाळलेले पाणी सोडून द्यावे आणि पाण्याची जंतुतपासणी झाल्यावरच तोट्या उघडाव्यात.

धुण्याचा क्रम

ठिबकवर डाळिंब किंवा ऊस घेणाऱ्या शेतकऱ्यांना या विषयाचे अर्धे ज्ञान आधीच आहे. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले तर आम्लप्रक्रिया, आणि शेवाळ वा चिकटा धरला तर क्लोरीनप्रक्रिया, हे ते जाणतात. पटलाच्या बाबतीत क्लोरीन वर्ज्य असल्याने चिकट थरासाठी अल्कधर्मी द्रावण वापरतात. सामू ११ ते १२ च्या दरम्यान असलेले कोमट द्रावण थराचा चिकट द्रव सैल करते. ते काही वेळ फिरवावे, काही वेळ भिजत ठेवावे आणि पुन्हा फिरवावे. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, क्षारांसाठी सायट्रिक आम्लाचे द्रावण वापरावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आम्ल घातले तर सेंद्रिय थर आवळून घट्ट होण्याचा धोका असतो. उत्पादकाने दिलेल्या सामू आणि तापमानाच्या मर्यादा ओलांडू नयेत. हातमोजे आणि चष्मा वापरावा. टीसीएल आणि आम्ल कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी वायू निघतो.

गाळलेले पाणीही शिळे होते

आपल्या घरांत आदल्या दिवशीच्या पाण्याला ‘शिळे पाणी’ म्हणतात. सकाळी हंडे-कळशा रिकाम्या करून, घासून, ताजे पाणी भरण्याची रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आरओच्या टाकीलाही हीच रीत हवी, किंबहुना अधिक काटेकोरपणे हवी. कारण गाळलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो. त्यात बाहेरून एखादा जंतू शिरला तर त्याला अडविणारे काही नसते. अतिनील दिव्याखालून पाणी गेले तरी तो दिवा त्या क्षणी समोरून जाणाऱ्या जंतूंनाच मारतो. पुढे टाकीत आणि तोटीत तो सोबत करीत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी कुर्डुवाडी जंक्शनवरूनच गेली. तिच्या टाक्या पाणी भरण्यापूर्वी राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात आतून स्वच्छ करण्यात आल्या होत्या. तहान तातडीची होती, तरी टाकी आधी धुतली गेली. वसतिगृहाची टाकी, तिचे झाकण, तोट्या आणि पाण्याचे जार यांना दर आठवड्याला तोच मान मिळाला पाहिजे.

टीडीएस मीटरवर कमी आकडा दिसला की पाणी शुद्ध झाले, हा समज सर्वत्र पसरला आहे. ते मीटर केवळ विरघळलेले क्षार मोजते. जीवाणू त्याला दिसत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जीवाणू आढळता कामा नये, असे मानक सांगते आणि त्याची खात्री जंतुतपासणीनेच होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी करता येते. प्राथमिक अंदाजासाठी एच-टू-एस बाटली उपयोगी पडते. त्यातील पाणी काळे झाले तर ते पिऊ नये. वर्षातून किमान तीनदा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना, पावसाळ्याच्या मध्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, नमुना तोटीतून घ्यावा. मुले तोटीचे पाणी पितात.

समारोप

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाण्याची ओंजळ उचलली, ती पाण्यावरील मानवी हक्काची खूण होती. त्याआधी दोन वर्षे, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. पाणी आणि वसतिगृह या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाला सहज मिळालेल्या नाहीत. आज त्या वसतिगृहांत यंत्र आले आहे. आता त्याची राखण हे आपल्या पिढीचे काम आहे.

म्हणून माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांना एक विनंती. जलशुद्धीकरण यंत्राची देणगी देताना तिचे दोन भाग करावेत : एक भाग यंत्रासाठी आणि दुसरा पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी, म्हणजे कार्बन, स्पन फिल्टर, धुण्याची द्रावणे, जंतुतपासणी आणि तंत्रज्ञाचे मानधन यांसाठी. फलकावर देणगीदाराच्या नावाखाली शेवटची धुलाई आणि शेवटची तपासणी केव्हा झाली याच्या तारखा लिहिण्यास जागा ठेवावी. पालकांनी शाळेत आल्यावर त्या तारखा जरूर वाचाव्यात आणि जुन्या वाटल्या तर संकोच न करता विचाराव्यात. ज्यांना तांत्रिक ज्ञान आहे त्यांनी वर्षातून एक दिवस, शाळा उघडण्यापूर्वी, यंत्राजवळ घालवावा. मागणाऱ्याला गाळणे नाकारू नये, हा जुना नियम आजच्या वसतिगृहात पाळायचा तो असाच : गाळणे मुलांच्या हाती येईल तेव्हा ते स्वच्छ असेल, याची हमी देऊन.